अंतराळात गंज नाही, तरी बेअरिंग का अडकते?

वेर्णा औद्योगिक वसाहतीत पंप आणि कन्व्हेयर यांची देखभाल पाहणाऱ्या एका अभियंत्याचा प्रश्न असा आहे. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत बेअरिंग खराब होते ते पाण्याने, गंजाने आणि धुळीने. अंतराळात यांपैकी काहीच नाही, वस्तूला वजन नाही, मग उपग्रहातले बेअरिंग कायमचे चालायला हवे. तरीही अँटेना उघडली नाही, चाक बंद पडले अशा बातम्या का येतात? याला जोडून त्यांची एक व्यावहारिक अडचणही आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा एक गट छोट्या उपग्रहाच्या उघडणाऱ्या अँटेनासाठी त्यांच्याकडून बिजागरी करून घेणार आहे, आणि तिला बाजारात मिळणारे मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेले) ग्रीस लावले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे यानांच्या फिरणाऱ्या, उघडणाऱ्या आणि सुटणाऱ्या भागांवर गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो: ते ग्रीस लावू नका. त्याची कारणे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात येतील.

हवा आणि ओलावा धातूला खातात हे खरे. पण दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे कामही त्याच करतात. पोलाद असो, अ‍ॅल्युमिनियम असो की टायटॅनियम, प्रत्येक पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि त्यावर पाण्याचे व वायूंचे रेणू बसलेले असतात. दोन भाग घासले गेले की उंचवट्यांवरचा हा थर खरवडला जातो आणि खालचा कोरा धातू उघडा पडतो. जमिनीवर तो काही नॅनोसेकंदांत पुन्हा झाकला जातो, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. निर्वात कक्षावर काम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: दाब एका टॉरच्या (हे दाबाचे एकक) दहा लाखाव्या भागाइतका असेल, तर कोऱ्या पृष्ठभागावर वायूच्या रेणूंचा एक थर बसायला साधारण एक सेकंद लागतो. दाब आणखी हजारपट उतरला की त्याच कामाला सुमारे सतरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात बेअरिंगचा छर्रा त्याच जागेवरून हजारो वेळा जाऊन आलेला असतो. कोरा धातू कोऱ्या धातूवर दाबला गेला की अणूंना दोन भागांतली सीमा ओळखता येत नाही आणि उंचवटे एकमेकांना चिकटतात. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळताना मध्येच पकडतो आणि शेवटी कापावा लागतो, हे आपण कार्यशाळेत पाहिलेच असेल. तिथे तर हवा असूनही तसे होते.

वजनाबद्दलचा तर्कही अपुरा आहे. उड्डाणाच्या हादऱ्यांत छर्रे रेसवर, म्हणजे ते ज्यांत फिरतात त्या कड्यांवर, आदळू नयेत म्हणून बेअरिंगची जोडी मुद्दाम एकमेकींवर दाबून बसवलेली असते आणि हा प्रीलोड कक्षेत गेल्यावरही कायम राहतो, त्यामुळे स्पर्शबिंदूवरचा ताण सहज हजार मेगापास्कलच्या घरात असतो. शिवाय उष्णता वाहून न्यायला हवा नसते. आतली रेस बाहेरच्या रेसपेक्षा गरम झाली की हाच प्रीलोड वाढतो आणि घर्षणही त्याच्यामागून वाढते.

आता ग्रीसकडे वळू. साधे खनिज तेल निर्वातात हळूहळू उडून जाते. तेल कमी होणे ही अर्धीच अडचण आहे, कारण उडालेली वाफ यानातल्या सर्वांत थंड जागी जाऊन बसते आणि ती जागा बहुधा कॅमेऱ्याची काच किंवा संवेदकाची खिडकी असते. म्हणून अंतराळात जाणाऱ्या पदार्थांची एएसटीएम ई ५९५ ही चाचणी घेतात: नमुना निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायचा, एकूण वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि शेजारच्या २५ अंशांच्या थंड पट्टीवर साचलेला अंश ०.१ टक्क्याच्या आत असला पाहिजे. तुमच्या डब्यातल्या मॉली ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड असते ते भर म्हणून. मूळ तेल आणि ते घट्ट करणारा साबण नेहमीचेच असतात आणि ते या चाचणीत टिकण्याची आशा धरू नये.

यानांसाठी प्रामुख्याने दोन घराण्यांची तेले वापरतात. एक परफ्ल्युरोपॉलिईथर, ज्यात फॉम्ब्लिन झेड २५ किंवा ब्रेकोट ही नावे येतात; दुसरे अनेक अल्किल शाखा जोडलेले सायक्लोपेंटेन, जे पेन्झेन या नावाने ओळखले जाते. दोन्हींचा बाष्पदाब अत्यंत कमी आहे. पहिले कडाक्याच्या थंडीतही पातळ राहते. पण छर्रा आणि रेस यांच्यामध्ये तेलाची पूर्ण फिल्म उभी राहत नसेल, तर घासलेल्या पोलादाशी त्याची अभिक्रिया होऊन लोहाचे फ्ल्युराइड तयार होते आणि ते फ्ल्युराइडच उरलेल्या तेलाचे तुकडे पाडू लागते. असे बेअरिंग उघडले तर केजच्या, म्हणजे छर्रे एकमेकांपासून अंतरावर धरणाऱ्या चौकटीच्या, कडेला तपकिरी-काळा चिकट थर दिसतो. दुसऱ्या घराण्यात घर्षणरोधक रसायने मिसळता येतात आणि ते धातूला धातू टेकण्याच्या अवस्थेत अधिक टिकते, मात्र थंडीत घट्ट होते, म्हणजे हीटर लावा आणि हीटरची वीज कुठून आणायची ते पाहा. ही दोन तेले एकमेकांत मिसळत नाहीत. एकाची भांडी, ब्रश आणि सुया दुसऱ्याला वापरू नयेत. सिलिकोन तेल तर पसरत पसरत नको तिथे जाऊन बसते, त्यामुळे अशा कामाच्या खोलीत त्याची ट्यूबसुद्धा आणू देत नाहीत.

तेलाचे प्रमाण ही गोष्ट तुमच्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. मांडवी नदीतल्या बार्जवर विंचला ग्रीस मारताना जुने ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर पडेपर्यंत गन दाबली जाते आणि तिथे ते योग्यच आहे. यानातल्या लहान बेअरिंगमध्ये तेल काही मिलिग्रॅम असते. बेअरिंगचा केज बहुधा सुती कापडाचे थर फिनॉलिक राळेत दाबून केलेला असतो आणि तोच तेलाचा साठा असतो. तो आधी निर्वात भट्टीत वाळवायचा, कारण कापड हवेतला ओलावा धरते आणि जिथे पाणी बसले आहे तिथे तेल शिरत नाही. मग कोमट तेलात बुडवून वरची हवा काढायची, बुडबुडे येणे थांबेपर्यंत थांबायचे, बाहेर काढून जास्तीचे तेल निथळायचे आणि सूक्ष्म तराजूवर वजन करायचे. वाळवल्यानंतरचे आणि तेल पाजल्यानंतरचे वजन यांतला फरक अपेक्षेपेक्षा कमी आला, तर तो केज परत भट्टीत जातो. अर्धवट भिजलेला केज बेअरिंगला तेल देत नाही. रेसवर असलेले तेल तोच पिऊन घेतो, आणि हे जमिनीवर कळत नाही, वर गेल्यावर काही महिन्यांनी कळते. उलट तेल जास्त झाले तर छर्रे ते ढवळत बसतात, टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, वाढतो आणि मध्येच उड्या मारतो. तेल बाहेर सरकू नये म्हणून शाफ्टवर तेलाला न चिकटणारी फ्लोरीनयुक्त पट्टी लावतात आणि झाकणातली फट इतकी अरुंद व वळणाची ठेवतात की वाफेचा रेणू भिंतींवर आपटत आपटत क्वचितच बाहेर पडतो. रबरी सील लावले तर त्याचेच घर्षण मोटारीला डोईजड होते.

कुठे तेल आणि कुठे कोरडे वंगण, हे ठरते फेऱ्यांच्या संख्येवर आणि वेगावर. भूस्थिर उपग्रहाचे सौर पंख दिवसाला एक फेरी मारतात; १५ वर्षांत साडेपाच हजारांच्या आसपास फेऱ्या होतात, पण वेग इतका कमी की तेलाची फिल्म कधी उभीच राहत नाही. यानाची दिशा सांभाळणारे रिअ‍ॅक्शन व्हील मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी १० वर्षे चालले, तर हिशेब सुमारे १,५७७ कोटी फेऱ्यांचा होतो. अँटेनाची बिजागरी मात्र कक्षेत एकदाच हलते. या तीन कामांना एकच वंगण सुचवणारा माणूस भेटला, तर त्याने यांपैकी एकही काम केलेले नाही असे खुशाल समजावे.

चाकाला तेलच लागते. त्यातही चाक शून्य वेगातून वारंवार उलट फिरणे वाईट, कारण दर वेळी फिल्म मोडते आणि धातूला धातू टेकतो. म्हणून उड्डाण नियंत्रक शक्यतो चाकाला एका बाजूचा वेग देऊन ठेवतात. केप्लर ही अवकाश दुर्बीण मार्च २००९ मध्ये अंतराळात गेली. तिला अचूक रोख धरण्यासाठी चारपैकी तीन चाके लागत. त्यांतले पहिले चाक जुलै २०१२ मध्ये आणि दुसरे मे २०१३ मध्ये बंद पडले, आणि उरलेल्या दोन चाकांच्या जोडीला सूर्यप्रकाशाच्या दाबाचा टेकू घेऊन ती ऑक्टोबर २०१८ पर्यंत वेगळ्या कार्यक्रमावर वापरली गेली. अलीकडे अनेक चाकांत पोलादी छर्ऱ्यांऐवजी सिलिकॉन नायट्राइडचे छर्रे घालतात. ते पोलादाला चिकटत नाहीत, वीज वाहू देत नाहीत आणि तेलाच्या विघटनालाही हातभार लावत नाहीत.

कोरड्या वंगणांत पहिला मान मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा आहे. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. स्पटरिंगने, म्हणजे निर्वात कक्षात अणू उडवून, चढवलेल्या सुमारे एक मायक्रोमीटर जाडीच्या थराचा घर्षणांक निर्वातात ०.०१ ते ०.०५ पर्यंत उतरतो. दमट हवेत मात्र तोच ०.१५ किंवा त्याहून अधिक होतो, थर वेगाने झिजतो, कडांवर ऑक्सिडेशन होते आणि काळी पूड पडू लागते. ग्रॅफाइटचे वागणे याच्या नेमके उलट आहे: त्याला घसरण्यासाठी पाण्याची वाफ लागते आणि ती नसली की ते स्वतःच खरवडू लागते. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विद्युतयंत्रांतले कार्बनचे ब्रश झपाट्याने झिजले, ते कोरड्या हवेमुळे. युरोपात शिशाचा पातळ थर आणि ब्राँझचा केज ही जोडी बरीच वापरली गेली. तिचेही निर्वातात बरे चालते आणि हवेत फिरवली की शिशाचे ऑक्सिडेशन होऊन कचरा तयार होतो.

आता मूळ मुद्दा सांगता येतो. या वंगणांना निर्वात सोसतो; ती खर्च होतात ती बरीचशी जमिनीवर, आपल्या हवेत, आपल्या चाचण्यांत आणि आपल्या ट्रकमध्ये. जून ते सप्टेंबर गोव्यात सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत मॉलीचा थर दिलेले बेअरिंग कोणी हातात घेऊन ‘किती हलके फिरते बघा’ म्हणून गरागरा फिरवले, की त्याचे वर जाऊन वापरायचे आयुष्य त्याने इथेच वापरलेले असते.

गॅलिलिओ यानाची अँटेना हे याचे सर्वांत महागडे उदाहरण. गुरूकडे जाणाऱ्या या यानाची मुख्य अँटेना ४.८ मीटर व्यासाची होती आणि १८ काड्यांवर छत्रीसारखी मिटवलेली होती. काड्यांच्या मधल्या टायटॅनियमच्या पिना इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूच्या खोबणीत दाबून बसत आणि त्यांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे कोरडे वंगण होते. १९८६ मधल्या चॅलेंजरच्या अपघातामुळे उड्डाण पुढे ढकलले गेले, यान कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्या दरम्यान रस्त्याने नेले-आणले गेले, अँटेना बराच काळ मिटलेल्या, दाबलेल्या अवस्थेतच राहिली. ट्रकच्या हादऱ्यांनी पिना खोबणीत केसभर पुढेमागे घासत राहिल्या. अशी अल्प हालचाल पूर्ण फेरीपेक्षा घातक असते, कारण झिजलेली पूड स्पर्शाच्या जागेतून बाहेर जात नाही आणि नवा थरही तिथे येत नाही. १८ ऑक्टोबर १९८९ ला यान निघाले, ११ एप्रिल १९९१ ला अँटेना उघडण्याची आज्ञा गेली आणि काही काड्या जागच्या हलल्याच नाहीत. चौकशीत निष्कर्ष निघाला तो पिनांवरचे वंगण प्रवासातच झिजल्याचा. नंतर यान उन्हात आणि सावलीत फिरवून अँटेना तापवली, थंड केली, मोटारींना हजारो झटके दिले. काही झाले नाही. सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट पाठवायला बांधलेल्या यानाने पुढची सारी मोहीम छोट्या अँटेनावर काढली, जिचा वेग नवे सॉफ्टवेअर आणि जमिनीवरच्या सुधारणा यांनंतरही सेकंदाला १६० बिटच्या आसपास पोहोचला. तेवढ्यावरही गुरूच्या चंद्रांची माहिती त्यांनी काढली, याचे श्रेय संगणकाच्या लोकांना द्यायला हवे, आमच्या जातीला नव्हे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर याच्या उलट प्रसंग घडला, म्हणजे कोरडे वंगण होते पण पुरे नव्हते. उजव्या बाजूचे सौर पंख फिरवणाऱ्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या सांध्यात रोलरवरचा सोन्याचा पातळ थर वंगणाचे काम करत होता. २००७ मध्ये तिथे कंपन आणि मोटारीचा विद्युतप्रवाह वाढला, अंतराळवीरांनी झाकण उघडले तेव्हा आत धातूचा कीस सापडला. घर्षण वाढून रोलर किंचित तिरके झाले, कडेवर भार आला आणि नायट्राइड केलेल्या (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कठीण केलेल्या) कड्याचा कठीण थर तुटू लागला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये स्पेसवॉक करून तो सांधा पुसला, बारापैकी अकरा रोलर-संच बदलले आणि कड्यावर निर्वातात टिकणारे ग्रीस लावले; डाव्या बाजूलाही खबरदारी म्हणून लावले. त्याच कामात एका अंतराळवीराच्या पिशवीत ग्रीसगन गळली आणि ती पुसण्याच्या नादात अख्खी पिशवी हातून निसटून अंतराळात गेली. ग्रीसगन कुठेही सारखीच वागते, एवढे समाधान आपण मानू शकतो.

जमिनीवरच्या वापराचा हिशेब प्रमाणित नियमांतही धरलेला आहे. युरोपीय अवकाश मानकांत आयुष्य-चाचणीसाठी अपेक्षित हालचालींना गुणक लावतात: कक्षेतल्या पहिल्या दहांना १०, नंतर हजारापर्यंत ४, लाखापर्यंत २ आणि त्यापुढे १.२५; जमिनीवर होणाऱ्या चाचणी-हालचालींना वेगळा ४ चा गुणक. म्हणून जमिनीवर एकदा जास्त उघडून पाहण्याचीही किंमत मोजावी लागते.

तुमच्या बिजागरीसाठी आता नेमके सांगतो. तेल किंवा ग्रीस नकोच. पिन कठीण स्टेनलेसची घ्या आणि पिन ज्यात फिरते तो बुश व्हेस्पेल एसपी-३ या प्लास्टिकचा करा. त्या पॉलिइमाइडमध्येच १५ टक्के मॉलिब्डेनम डायसल्फाइड असते आणि तो निर्वातासाठीच केलेला आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस किंवा टायटॅनियमवर टायटॅनियम ही जोडी करू नका. पॉलिमर थंडीत आकसतो, म्हणून पिन आणि बुश यांच्यातला प्ले, म्हणजे मोकळी फट, सर्वांत कमी तापमानाला मोजून ठरवा. खोलीच्या तापमानाला नेमकी बसणारी पिन उणे चाळीसला आवळली जाते. स्पटरिंगला निर्वात कक्ष आणि अनुभवी हात लागतात, तो नाद सोडा. फवारून भट्टीत पक्के करायचे, बंधक राळेतले मॉली-लेपन मात्र पिनेवर करून घेता येईल, पण लेपाची जाडी पाच ते पंधरा मायक्रोमीटर येते, ती पिनेच्या मापात आधी वजा करा.

स्प्रिंग निवडताना घर्षणाचा प्रत्यक्ष मोजलेला टॉर्क दीडपट धरा, नुसता गणिताने काढला असेल तर तिप्पट, आणि अशा सगळ्या विरोधांच्या बेरजेच्या किमान दुप्पट टॉर्क स्प्रिंगने शेवटच्या अंशापर्यंत दिला पाहिजे. या बेरजेत बिजागरीवरून जाणारी केबल धरायला विसरू नका. थंडीत ती ताठ होते आणि लहान यंत्रणांत तिचा विरोध पिनेच्या घर्षणापेक्षा जास्त निघतो, हे विद्यार्थ्यांच्या बहुतेक आराखड्यांत राहून जाते.

जुळणी शक्यतो पावसाळा टाळून, वातानुकूलित खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणून करा. नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण बोटांच्या घामातले मीठ पिनेवर रात्रीत डाग पाडते. प्रत्येक उघड-मीट तारखेसह वहीत लिहा. बिजागरी अनमोड घाटातून बंगळुरूकडे नेणार असाल, तर ती मिटवून, स्प्रिंग ताणलेली ठेवून नेऊ नका. स्प्रिंगचा भार काढून, बिजागरीचे पान पिनेवर हलणार नाही असा क्लॅम्प लावा, कोरडा नायट्रोजन भरलेल्या अ‍ॅल्युमिनियम थराच्या पिशवीत सिलिका जेलसह सील करा आणि पेटीत फोम घाला. तिथे पहिली चाचणी थंड निर्वातातच घ्या. त्याआधी कोणी ‘एकदा उघडून दाखवा’ म्हणाले, तर वहीत त्या हालचालीला जागा शिल्लक आहे का ते पाहा, आणि नसेल तर पिशवीचे सील तोडू नका.